न केलेल्या ऑर्डरीचा मेल: कोणती सोय खरंच कामाला येते

‘तुमचं पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे थांबलं आहे’ हा मेल पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत वाचला तर हसू येईल. ग्वाल्हेरात, त्यातही लष्कर या जुन्या भागात, येत नाही. ढोलीबुवाचा पूल, तिथून दुसरी गल्ली, अमक्यांच्या वाड्यामागे, पिन ४७४००१ असा ज्यांचा पत्ता, त्यांना कुरियरवाल्याचा महाराज बाड्याच्या चौकातून फोन येतोच येतो. त्यामुळे ‘पत्ता अपुरा’ ही तक्रार इथे खरी वाटते आणि ‘पत्ता दुरुस्त करा, पुन्हा पाठवण्याचे २५ रुपये भरा’ या बटणावर बोट जातं. पंचवीस रुपयांसाठी कोण कशाला फसवेल? पण त्या पानाला पंचवीस रुपये नकोच असतात. त्याला कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही आणि पाठोपाठ आलेला ओटीपी हवा असतो. तो ओटीपी पंचवीस रुपयांचा नसतो, पंचवीस हजारांचाही असू शकतो. रक्कम ओटीपीच्या मेसेजमध्येच लिहिलेली असते, पण आकडे टिपून घ्यायच्या घाईत ती ओळ कोणी वाचत नाही.

असे मेल ओळखायला आणि नंतर निस्तरायला ज्या फुकट सोयी हाताशी आहेत, त्यांची ही परीक्षा आहे: दुकानाचं स्वतःचं अ‍ॅप, जीमेलची तपासणी, पासवर्ड मॅनेजर, लिंक तपासणाऱ्या साइट आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठीची १९३० ही हेल्पलाइन. कसोटी एकच धरली आहे. संध्याकाळी, छोट्या फोनवर, चष्मा न शोधता मेल उघडणाऱ्या माणसाला ही सोय वाचवते का? या कसोटीवर क्रम उलटापालटा होतो. मेल निरखून बघायला लावणाऱ्या सोयी खाली घसरतात आणि मेलकडे पाहावंच लागत नाही अशा सोयी वर येतात.

दुकानाचं अ‍ॅप

सगळ्यात साधी आणि सगळ्यात भरवशाची सोय. मेल बंद करायचा, फोनवरच्या चिन्हावरून दुकानाचं अ‍ॅप उघडायचं आणि ऑर्डरींची यादी बघायची. मेलमध्ये २४,९९९ रुपयांचा फोन ‘आत्ताच रवाना झाला’ असेल आणि यादीत काहीच नसेल, तर विषय तिथेच संपला. अमेझॉनच्या खात्यात त्याखेरीज ‘मेसेज सेंटर’ आहे. कंपनीने पाठवलेले खरे मेल तिथेही दिसतात. खातं बंद पडणार, पेमेंट अडकलं, रिफंड मिळायचा राहिलाय, असं काहीही मेलमध्ये असो, तिथे त्याची नोंद नसेल तर मेल खोटा धरायला हरकत नाही.

दोन ठिकाणी मात्र ही कसोटी फसते, आणि दोन्ही ठिकाणं आपल्या घरातली आहेत. मुलगा बेंगळुरूला, लेक पुण्याला, आणि मिक्सर, बीपीचं यंत्र, दिवाळीचा फराळ तिकडून मागवलेला असतो. पत्ता लष्करातला असला तरी ऑर्डर त्यांच्या खात्यावर. आई-बाबांच्या अ‍ॅपमध्ये ती दिसणार नाही, तरीही पार्सल खरं असेल. यावर उपाय अ‍ॅपमध्ये नाही, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आहे. मागवणाऱ्याने तिथेच टाकायचं: काय मागवलं, कोणत्या दिवशी येईल, पैसे भरलेत की दारात द्यायचे आहेत. या तीन गोष्टी आधी कळलेल्या असल्या की दारात आलेलं अनोळखी कॅश ऑन डिलिव्हरी पार्सलही निर्धास्तपणे परत पाठवता येतं.

दुसरं ठिकाण: खातं खरंच कोणाच्या हाती गेलं असेल, तर तो माणूस ऑर्डर ‘अर्काइव्ह’ करून यादीतून दडवू शकतो. म्हणून शंका असेल तेव्हा अर्काइव्ह केलेल्या ऑर्डरी, साठवलेले पत्ते आणि गिफ्ट कार्डाची शिल्लक, ही तीन पानंही उघडायची. यादीत कोणा अनोळखी शहराचा पत्ता दिसला, तर प्रकरण मेलच्या पलीकडे गेलं आहे.

ओटीपीबद्दल एक गोंधळ इथेच निस्तरू. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असं घोकून ठेवलेली माणसं महाग वस्तू घेऊन आलेल्या डिलिव्हरीवाल्याशी दारात वाद घालतात. डिलिव्हरीचा ओटीपी वस्तू हातात आल्यावर, समोर उभ्या असलेल्या माणसालाच सांगायचा असतो. लॉगिनचा, पेमेंटचा, पासवर्ड बदलण्याचा ओटीपी कोणालाच नाही. कोणता आहे ते मेसेजच्या शब्दांत असतं. फोनवरून ‘डिलिव्हरीचा ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला मात्र सरळ ‘दारात या’ म्हणायचं.

जीमेलची तपासणी

बहुतेक फसवे मेल जीमेल स्वतःच स्पॅममध्ये ढकलतं, ते आपल्याला दिसतही नाहीत. प्रश्न उरलेल्यांचा आहे. अशा एका मेलचा नमुना जवळून बघू.

वर ठळक अक्षरांत दुकानाचं नाव. हे नाव पाठवणारा हवं ते लिहू शकतो. लिफाफ्याच्या कोपऱ्यात कोणीही ‘जिल्हाधिकारी’ लिहावं तसं. खरा पत्ता बघायला नावाखालच्या बाणावर बोट ठेवावं लागतं. तिथे दिसतं: दुकानाचं नाव, डॉट इन, डॉट, ऑर्डर-तपासणी, डॉट टॉप. डोळा पहिल्या शब्दावर अडकतो आणि मन म्हणतं, बरोबर आहे. पण हा पत्ता उलटा वाचायचा असतो, पत्रावर गाव शेवटी येतं तसा. आधी कितीही ‘महाराज बाडा’ लिहा, शेवटी मुरैना असेल तर पत्र मुरैनालाच जाणार. इथे गाव, म्हणजे डोमेन, आहे ‘ऑर्डर-तपासणी डॉट टॉप’. आधीचं दुकानाचं नाव ही नुसती सजावट. लिंकचंही तसंच: सुरुवातीच्या दुहेरी तिरक्या रेघा सोडून पुढे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून उजवीकडून डावीकडे डॉटने तुटलेली दोन घरं वाचायची. शेवट ‘डॉट को डॉट इन’ असेल तर तीन. फोनवर लिंक दाबून धरली की पूर्ण पत्ता दिसतो, संगणकावर माउस नुसता वर नेला तरी खाली कोपऱ्यात येतो. इंग्रजी एम या अक्षराच्या जागी आर आणि एन शेजारी-शेजारी, एलच्या जागी एकचा आकडा, ओच्या जागी शून्य, असले डाव छोट्या पडद्यावर तरुण डोळ्यांनाही सापडत नाहीत. इथेच ही सोय आपल्या कसोटीवर उणी पडते.

संगणकावर आणखी खोल जाता येतं. मेलच्या उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ आहे. जीमेलच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये तो पर्याय नाही. उघडलेल्या पानावर पाठवणाऱ्याची ओळख पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी आणि त्यांपुढे ‘पास’ किंवा ‘फेल’. दुकानाच्या नेमक्या खऱ्या पत्त्यावरून आलाय असं भासवणाऱ्या मेलचा डीमार्क ‘फेल’ असेल, तर तो कचरा. पण तिन्ही ‘पास’ बघून निश्चिंत होणं ही जाणत्यांचीही चूक होते. ‘पास’चा अर्थ इतकाच की मेल ज्या डोमेनचं नाव सांगतो, तिथूनच आला आहे. ‘ऑर्डर-तपासणी डॉट टॉप’च्या मालकानेही आपल्या डोमेनवर ही तिन्ही कामं नीट केलेली असतात. चोराने स्वतःचंच खरं ओळखपत्र दाखवावं तसं. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी जीमेलने सक्तीच्या केल्या. त्यामुळे कचरा घटला, पण ‘पास’ हा शिक्का आणखीच सामान्य झाला.

काही मोठ्या कंपन्यांच्या नावापुढे जीमेल बरोबरची निळी खूण दाखवतं. ही सोय २०२३ पासूनची. असली तर चांगलंच. नसली तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण कितीतरी खऱ्या दुकानांनी ती घेतलेलीच नसते.

अशुद्ध भाषेवरून फसवणूक ओळखण्याचा जुना सल्ला आता काढून टाकायला हवा. मजकूर स्वच्छ असतो, हिंदीतही आणि मराठीतही. बदलला नाही तो फक्त मेलचा सूर: चोवीस तासांत खातं बंद, आत्ताच रद्द करा, नाहीतर पैसे कापले जातील.

जीमेलची सगळ्यात मोठी उणीव दिसते ती लिंकच नसलेल्या मेलमध्ये. नीटनेटकं बिल, दुकानाचा लोगो, न मागवलेला लॅपटॉप, आणि तळाला एक नंबर: ‘ऑर्डर तुमची नसेल तर फोन करा.’ तपासायला लिंक नाही, उघडायला फाइल नाही. कधी सगळा मजकूर एक चित्रच असतो. फोन केला की पलीकडचा सभ्य आवाज ‘रद्द करण्यासाठी’ स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि मग तुमचे ओटीपी तोही वाचत असतो. मदतीचा नंबर मेलमधून घ्यायचा नाही, आणि गूगलवर शोधून तर मुळीच नाही. तिथेही खोटे नंबर पेरलेले सापडतात. अ‍ॅपमधल्या ‘मदत’ या पानावरून जे होईल तेवढंच करायचं.

फसवा मेल नुसता पुसू नका. संगणकावर तीन ठिपक्यांत ‘रिपोर्ट फिशिंग’ आहे, ते दाबा. दुकानाला कळवायचं असेल तर साध्या फॉरवर्डने मेलचा मूळ तांत्रिक तपशील गळतो. ‘फॉरवर्ड अ‍ॅज अटॅचमेंट’ने तो टिकतो. अमेझॉनच्या मदत विभागात संशयास्पद मेल कळवण्यासाठी वेगळं पान आहे. मेलच्या तळाशी असलेलं ‘अनसबस्क्राइब’ मात्र दाबायचं नाही; तीही एक लिंकच आहे.

पासवर्ड मॅनेजर: सगळ्यात कमी वापरलेली, सगळ्यात हुशार

क्रोममध्ये किंवा अँड्रॉइडमध्ये असलेला, पासवर्ड साठवून आपोआप भरणारा पासवर्ड मॅनेजर बहुतेकांना फक्त विसराळूपणावरचा इलाज वाटतो. त्याचा खरा गुण वेगळाच. पासवर्ड ज्या डोमेनवर साठवला, त्याच डोमेनवर तो भरायला पुढे येतो. लोगो, रंग, अक्षरं हुबेहूब जुळलेल्या खोट्या पानावर माणूस फसतो. मॅनेजर लोगो बघतच नाही, तो फक्त पत्ता बघतो. म्हणून रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाइप करायचा नाही. थांबायचं. क्वचित खऱ्या साइटवरही तो बिचकतो, तेव्हा त्याच्या गप्प बसण्याने फसवणूक सिद्ध होत नाही. पण अ‍ॅपकडे वळायला तेवढं कारण पुरे.

याच्या पुढची पायरी पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली. अमेझॉनने ती २०२३ मध्ये आणली. खात्याच्या ‘लॉगिन अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन बोटाचा ठसा किंवा फोनचा पिन जोडला की झालं, दोन मिनिटांचं काम. पासकी डोमेनला बांधलेली असते. खोट्या पानावर ती चालतच नाही, आणि तिथे टाइप करून द्यायला हातात काही उरतच नाही.

मर्यादाही सांगायला हवी. फक्त मोबाइलवरच्या ओटीपीने उघडणाऱ्या दुकानांत मॅनेजरला काम नाही. तिथे खोटं पान तुमच्याकडून ओटीपी घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरतं. अशा दुकानांसाठी एकच शिस्त आहे: लॉगिन फक्त अ‍ॅपमधून.

लिंक तपासणाऱ्या साइट

व्हायरसटोटलवर किंवा गूगलच्या सेफ ब्राउझिंगच्या पानावर लिंक चिकटवली की ती आधी कोणी धोकादायक ठरवली आहे का ते कळतं. ‘धोकादायक’ असा निकाल आला तर उपयोग आहे. ‘स्वच्छ’ आला तर नाही, कारण सकाळी उभं केलेलं खोटं पान दुपारपर्यंत कोणाच्याच यादीत नसतं. शिवाय लिंक कॉपी करताना बोट चुकून तीच उघडते, ते वेगळंच. डोमेन कधी नोंदवलं हे ‘हूइज’मध्ये बघणं जास्त बोलकं: वर्षानुवर्षं चाललेल्या दुकानाचं डोमेन नऊ दिवसांपूर्वीचं कसं असेल? हौस असेल त्याने करावं, बाकीच्यांनी या सोयी सोडून दिल्या तरी काही अडत नाही.

बोट पडलंच असेल तर

काय दिलं गेलं, यावर पुढचं ठरतं. नुसती लिंक उघडली आणि काहीच भरलं नाही, तर पान बंद करून बहुतेक वेळा भागतं. पासवर्ड दिला असेल तर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून तो बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. तोच पासवर्ड मेललाही असेल तर मेलचा आधी. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ ही दोन पानं बघा. आत शिरलेला चोर तिथे एक नियम करून ठेवतो: दुकानाचा मेल आला की परस्पर कचऱ्यात. पासवर्ड बदलला तरी तो नियम जागेवरच राहतो.

अचानक शेकडो अनोळखी न्यूजलेटर इनबॉक्समध्ये धडकले, तर ते पुसत बसू नका. त्या गर्दीत एखादा खरा ऑर्डरचा मेल दिसू नये म्हणून ती गर्दी केलेली असते. आधी दुकानाचं अ‍ॅप, मग बँकेचं.

मेलमधून किंवा मेसेजमधून आलेली एपीके, म्हणजे अ‍ॅप टाकणारी फाइल, फोनमध्ये टाकली गेली असेल तर फोन विमान मोडवर ठेवा आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. मग ते अ‍ॅप काढायचं; निघत नसेल तर सेटिंगमधल्या डिव्हाइस अ‍ॅडमिनच्या यादीतून त्याचा अधिकार आधी काढून घ्यावा लागतो. ‘कुरियरशी बोलण्यासाठी’ म्हणून कोणी चांदणी-हॅशचा कोड डायल करायला लावला असेल, तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात. ##००२# डायल केलं की सगळी वळवणी रद्द होते.

कार्डाचा तपशील गेला असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड लगेच बंद करा. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्यांच्याकडे फक्त टोकन, म्हणजे नंबराऐवजीचा बदली कोड, असतं. त्यामुळे दुकानाचं खातं हाती लागलं म्हणून चोराला कार्डाचा नंबर मिळत नाही. मात्र तो तुम्हीच खोट्या पानावर दिला असेल, तर काही परदेशी साइट ओटीपीशिवायही पैसे कापतात. कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमध्ये एका बटणाने बंद होतात. परदेशी खरेदी नसेल, तर ते बटण एरवीही बंदच असू द्या.

१९३० आणि पोर्टल

पैसे गेले असतील तर पहिली धाव ठाण्यात नाही, १९३० वर. गृह मंत्रालयाची ही हेल्पलाइन पूर्वी १५५२६० होती. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला निरोप जातो, आणि रक्कम अजून तिथे असेल तर अडवली जाते. ती तिथे फार वेळ राहत नाही. एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात आणि शेवटी एटीएममधून बाहेर. म्हणून ही सोय पहिल्या तासात लाख मोलाची आणि तिसऱ्या दिवशी जेमतेम.

फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या: बँकेचं नाव, खातं किंवा कार्ड, रक्कम, तारीख-वेळ, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा तो बारा आकडी असतो आणि अ‍ॅपच्या इतिहासात सापडतो. लोक अडतात ते याच क्रमांकापाशी. हिंदीत बोललं तरी चालतं, म्हणजे ग्वाल्हेरकरांना अडचण नाही. फोननंतर मेसेजवर तक्रार क्रमांक येतो, आणि त्या आधारे चोवीस तासांच्या आत राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते. ‘फोन केला, झालं’ म्हणून ही दुसरी पायरी गाळली जाते आणि प्रकरण लटकतं. लाइन लागत नसेल तर वाट बघत बसू नका, थेट पोर्टलवरच भरा.

त्याच बैठकीत बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर काहीच भुर्दंड नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत. ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचंच धरलं जातं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. फसलोच आहोत, आता कळवून काय उपयोग, असं वाटणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

उणिवा? अडवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेशही लागू शकतो, आणि त्यासाठी खेटे घालावे लागतात. म्हणून मूळ मेल, स्क्रीनशॉट, बँकेचा उतारा यांतलं काहीही पुसू नका.

पैसे गेलेच नसतील, नुसता मेल आला असेल, तर १९३० ची लाइन अडवू नका. ती आर्थिक फसवणुकीसाठी आहे. पोर्टलवर ‘रिपोर्ट अँड चेक सस्पेक्ट’ नावाचा विभाग आहे, तिथे संशयित साइट, मेलचा पत्ता, फोन नंबर नोंदवताही येतो आणि आधीच कोणी नोंदवलाय का तेही बघता येतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरचं ‘चक्षु’ फोन, एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी आहे. मेलचं काम तिथे होत नाही, पण ‘पत्ता अपुरा’चा तोच मजकूर दहा आकडी नंबरावरून एसएमएसने आला, तर तिथे जरूर टाका.